आचऱ्याच्या देवळातली घंटा कोणी वाजवली?

"आचऱ्यात कुलूप विकत मिळत नाही! अख्ख्या गावात एक दार बंद दाखव, मिशी उतरवून देतो!"

परशुराम आचरेकर हे वाक्य लग्न झाल्यापासून, म्हणजे चोवीस वर्षं, म्हणत आले होते. ऐकणारी एकच, त्यांची बायको इंदुमती. ती कोल्हापूरची. त्यामुळे परळच्या त्या दोन खोल्यांत मालवण आणि कोल्हापूर रोज समोरासमोर ठाकायची. यांनी सिंधुदुर्ग म्हटला की तिचा पन्हाळा तयार. यांनी बांगड्याचं तिखलं काढलं की तिनं तांबडा रस्सा पुढं केलाच! गंमतीगंमतीत चाललं होतं तोवर ठीक होतं. पण आता परशुरामांची पेन्शन दोन वर्षांवर आली होती, आणि उरलेलं आयुष्य कुठं काढायचं हा प्रश्न दारात येऊन उभा राहिला होता.

परशुरामांना आचऱ्याला परतायचं होतं. त्यांनी दुसरं काही कधी मागितलंच नव्हतं हो! पण इंदुमतीनं आचरा एकदाच पाहिला होता, लग्नानंतरच्या श्रावणात. चार दिवस पाऊस आणि पाचव्या दिवशी न्हाणीघरात धामण. त्यानंतर ती थेट कोल्हापूरचंच नाव घेत होती, आणि तिच्या भावानं तर तिथं जागाही बघून ठेवली होती.

शेवटी एकसष्ट सालच्या मार्गशीर्षात तह झाला. कोल्हापूरला भाच्याचं लग्न होतं. ते उरकून तिथूनच एस.टी.नं मालवण, आणि मालवणहून आचरा.

"एकदाच बघीन," इंदुमती म्हणाली. "पटलं तर पटलं. नाही पटलं तर पुन्हा आचऱ्याचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!"

"थोरल्या भावजींना पत्र टाकलंत?"

"पत्र?" परशुरामांनी मिशीला पीळ दिला. "आपल्या घरी जायला पत्र? अगं, आमच्याकडं दार उघडं, चूल पेटलेली आणि ओसरीवर चार माणसं, हे ठरलेलंच! तू बघच!"

मालवणात सुरुवात तर झकास झाली. होडीतून सिंधुदुर्गाकडं जाताना परशुराम उभेच होते. "सांग बघू, दरवाजा कुठं आहे?" इंदुमतीनं डोळे ताणून पाहिलं. नुसता तट! होडी अगदी पायथ्याला टेकली तेव्हा कुठं दोन बुरुजांच्या वळणाआड लपलेला दरवाजा दिसला. परशुरामांचा चेहरा असा फुलला की जणू तो त्यांनीच लपवला होता. आत महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा पाहताना मात्र इंदुमतीनं डोक्यावर पदर घेतला आणि वाकून नमस्कार केला. पन्हाळ्याचं नावही तिनं काढलं नाही!

दुपारी राधाबाईंच्या खाणावळीत कोंबडी-वडे. इंदुमतीनं सात वडे खाल्ले, वर दोन वाट्या सोलकढी प्यायली आणि म्हणाली, "बरं आहे." कोल्हापूरच्या माणसाच्या तोंडून 'बरं आहे' म्हणजे सोन्याचं कडंच समजा! परशुराम हवेत तरंगू लागले.

"आता खंय जातालास?" राधाबाईंनी विचारलं.

"उद्या सकाळी आचऱ्याक!"

"आचऱ्याक? अरे, पण थंय आता कोण—"

"राधाबाय, माका शिकवू नको! आचऱ्यात जन्मलंय मी!" परशुरामांनी हसत हात झटकला आणि बाहेर येऊन बायकोला समजावलं, "मालवणची माणसं. आचऱ्याचं कौतुक यांना बघवत नाही."

दुसऱ्या दिवशी बैलगाडीवाल्यानंही तेच सुरू केलं. "म्हाराजा, आज आचऱ्यात—" "माका शिकवू नको! गाडी हाक!" गाडीवाल्यानं निमूट गाडी हाकली. पण दुपारी तीनच्या सुमारास गावच्या शिवेवर त्यानं बैल थांबवले आणि ट्रंक खाली ठेवली. "हयसून फुडे माझे बैल जावचे नाय. तुमी शाणे आसास, तुमी जावा." एवढं बोलून तो मागंही न बघता गेला.

"आळशी मेलो!" म्हणत परशुरामांनी ट्रंक डोक्यावर घेतली.

गावात शिरल्यावर पहिली पाच मिनिटं त्यांनी माडांचं वर्णन केलं. मग इंदुमती म्हणाली, "ओ, माणसं कुठं हायती?"

"वामकुक्षी. जेवून पडली असतील."

"सगळीच?"

"एकी आहे गावात!"

"आणि कुत्री? एक पण भुंकलं न्हाई."

परशुरामांनाही आता जरा चुकल्यासारखं वाटत होतं. पण चोवीस वर्षांची बढाई अशी पाच मिनिटांत सोडवत नाही. "आमची कुत्रीही शिस्तीची! चल, आधी देवळात जाऊ. तिथं माणसांची जत्रा असते."

रामेश्वराचं देऊळ मात्र त्यांनी सांगितलं त्याहून सुंदर निघालं. फरसबंद अंगण, ओळीनं उभ्या दीपमाळा, आत थंडगार सभामंडप आणि कोरीव लाकडी खांब. इंदुमतीनं एका खांबावर हात फिरवला. "काय हात असेल ओ सुताराचा!" ती पुटपुटली. फक्त तिथं माणूस नव्हता. परशुरामांनी घसा खाकरला, टाळ्या वाजवल्या, आणि कोणीतरी बाहेर यावं म्हणून ती भलीमोठी घंटा दणदणून वाजवली. एकदा नाही, सात वेळा! आवाज माडांवरून पार खाडीपलीकडं गेला. आला कोणीच नाही.

मग घर, थोरला भाऊ आणि वहिनी राहत ते. अंगणाच्या कडेला उभं राहून परशुरामांनी साद घातली, "भाईऽऽ! ओ भाईऽऽ! काशीवैनीऽऽ! मी परशुराम इलंयऽऽ!"

उत्तर नाही. पुढं होऊन बघतात तर दाराला कुलूप! साधंसुधं नव्हे, तिजोरीला शोभेल असं!

"मिशी," इंदुमती शांतपणे म्हणाली.

पण परशुरामांचं लक्ष नव्हतं. ते गोठ्याकडं बघत होते. गाय नव्हती. दावं नव्हतं. कोंबड्यांचं खुराडं उघडं, आणि आत कोंबडा देखील नाही. कोंबडा घेऊन कोण गावाला जातं? आणि त्यांना एकदम बारा वर्षांचा परशा दिसला, दोन्ही काखेत एकेक कोंबडी धरून आईच्या मागं मागं गावाबाहेर चाललेला. ट्रंक त्यांच्या हातातून धाडकन पडली.

"गावपळण!"

"कसली पळण?"

परशुराम ओट्यावर बसले. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव, म्हातारेकोतारे, गुरंढोरं, कुत्री-कोंबड्यांसकट, शिवेबाहेर राहुट्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहतो, हे त्यांनी बायकोला सांगितलं. कोल्हापूरची माणसं हसतील म्हणून चोवीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. गणपतीला ते दरवर्षी एकटेच यायचे, पण गावपळण येते थंडीत. त्यामुळं पुन्हा कधी ती वाट्याला आलीच नव्हती.

"म्हणजे आत्ता गावात कुणी नसतं?"

"माणूस नसतो. या दिवसांत गाव देवाचा. आणि... बाकीच्यांचा."

"बाकीचे म्हंजे कोण?"

परशुरामांनी एकदा मागं वळून बघितलं. त्यांनी ट्रंक उचलली.

"ओ, आणि आपण सात वेळा घंटा वाजवली की!" इंदुमती किंचाळली, आणि पदर खोचून नवऱ्याच्याही पुढं धावू लागली.

भाईंच्या वाडीच्या राहुट्या नेहमी खाडीपलीकडं पडत. ओहोटी होती. पाणी गुडघाभर, पण चिखल कमरेइतका. परशुराम मध्यावर एकदा पुढं पडले आणि उठताना मागं. पैलतीराला लागले तेव्हा टाळूपासून टाचेपर्यंत ते एका रंगाचे, राखाडी झाले होते.

काजूच्या झाडांमागून राहुट्या दिसल्या, चुलींचा धूर दिसला, आणि परशुरामांना रडू आलं. पण त्याच्याही आधी दुसऱ्या कोणाचं तरी रडू ऐकू आलं. काशीवहिनी हंबरडा फोडून रडत होत्या!

"गेले गोऽऽ! माझे भावजी गेलेऽऽ!"

दोघं झाडाआड थबकले. वाडीतली सगळी माणसं गोळा झाली होती. मधे थोरले भाई, म्हणजे गणपत आचरेकर, डोकं धरून बसले होते. गावचे गाऱ्हाणं घालणारे तुकाराम घाडी त्यांना समजावत होते. "भाई, धीर धर. आदी घंटा वाजली. मगे तुज्या घराकडसून तेचीच साद इली. मुंबैत काय तरी झाला. जीव शेवटी घराकडेच येतलो."

"माका नावान हाक मारल्यान रे!" भाई हुंदके देत होते. "आणि मी ओ पण दिऊक नाय! पळणीत ओ देवची नसता म्हणान गप रवलंय!"

"काय माणूस होते गो," काशीवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "गणपतीक येताना माझ्यासाठी लुगडा हाडूक कदी इसारले नाय. मन कसा गंगेसारखा!"

झाडाआड परशुरामांच्या गालांवरच्या चिखलात दोन ओहोळ वाहू लागले. आपल्यामागं आपल्याबद्दल असं बोलतात! इंदुमतीनंही डोळ्याला पदर लावला.

"व्हय," तुकाराम घाडी म्हणाले. "बडाई वाइच जास्त मारी, पण मनान साफ."

"मी कधी बढाई मारली रे?"

परशुराम झाडाआडून बाहेर आले होते! डोक्यावर ट्रंक, सर्वांगाला राख फासल्यासारखा चिखल!

त्यानंतर काय झालं ते सांगायला शब्द पुरे पडणार नाहीत. तीस माणसं, नऊ गुरं आणि पन्नासेक कोंबड्या एकाच वेळी एकाच दिशेला पळाल्या. काशीवहिनी पळता पळता ओरडल्या, "गो बाय माझे! बायलेक पण घेवन इलो!" तुकाराम घाडी तेवढे जागेवर उभे राहिले. धैर्यानं नव्हे, धोतर काट्यात अडकलं होतं म्हणून.

"पाय!" घाडी ओरडले. "तेचे पाय बघा! भुताचे पाय उलटे आसतत!"

पण पाय बघतात कसले? गुडघ्यापर्यंत नुसता चिखलाचा गोळा!

परशुराम गयावया करू लागले, आणि ते जितके गयावया करत तितकी माणसं मागं सरत. तेव्हा इंदुमतीनं जवळची पाण्याची कळशी उचलली, नवऱ्याच्या पायांवर भडाभडा ओतली आणि गरजली, "बघा! पुढंच हायती का न्हाई? चोवीस वर्षं ह्याच पायांनी घरभर घाण करत्यात! आणि आता कुणीतरी जेवायला वाढा, सकाळपासनं पोटात कण न्हाई!"

पळणारी वाडी थबकली. मग काशीवहिनी हळूच म्हणाल्या, "ह्या भूत नाय. भूत असा खेकसणा नाय."

भाई पुढं आले. त्यांनी धाकट्या भावाच्या एक मुस्कटात मारली, आणि मग त्याला छातीशी धरून लहान पोरासारखे रडले. "मेल्या, पंधरा दिसांपूर्वी पत्र घातलंय तुका! पळण आसा म्हणान! वाचूक काय झाला?"

पत्र मुंबईला परळच्या दाराच्या फटीत पडलं होतं. वाचणार कोण? दोघंही तेव्हा कोल्हापूरला लग्नघरी होती.

राहिला प्रश्न देवाच्या अपराधाचा. परशुरामांचा चेहरा आता खरोखरच राखाडी झाला. पण घाडींनी धोतर सोडवलं, नारळ हातात घेतला आणि शिवेकडं तोंड करून गाऱ्हाणं घातलं. "बा रामेश्वरा म्हाराजा! ह्या तुज्या लेकरान तुजी पळण मोडल्यान, ती नकळत मोडल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

"घंटा वाजवल्यान, ती तुका भेटीची वर्दी समज, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि हेका वाइच बुद्धी दी, म्हाराजा!"

या वेळी सगळ्यात मोठ्या आवाजात "व्हय म्हाराजा!" म्हटलं ते इंदुमतीनं.

मग पळणीचे उरलेले दोन दिवस मजेत गेले. कुलूप लावायला दारच नव्हतं! माडाच्या झावळांची छपरं, सगळ्यांच्या चुली शेजारी शेजारी. सकाळी बायका खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढत, इंदुमतीही त्यांच्यात. पहिल्या दिवशी ती चिखलात दोनदा बसली, दुसऱ्या दिवशी टोपलीभर घेऊन आली. तिनं तीन दगडांच्या चुलीवर तांबडा रस्सा केला. सगळी वाडी डोळे-नाक पुसत जेवली आणि पुन्हा वाडगे पुढं करून उभी राहिली. काशीवहिनींनी तिला माशाच्या आमटीत तिरफळं कधी घालायची ते शिकवलं. परशुराम लांबून बघत होते, पण निकाल विचारायची त्यांची छाती होत नव्हती.

देवाचा कौल झाला आणि गाव परतला. पुढं कोंबड्या, मागं माणसं. भाईंनी ते भलंमोठं कुलूप काढलं तेव्हा इंदुमती उंबऱ्यावर जरा थांबली आणि मगच आत गेली. निकाल मात्र तिनं राखूनच ठेवला. परशुरामांना त्या रात्री झोप लागली नाही.

तीन दिवसांनी परतीच्या वाटेवर पुन्हा राधाबाईंची खाणावळ. राधाबाईंच्या कानावर सगळं आलेलंच होतं. त्या पदरात तोंड लपवून हसत होत्या. "मिया सांगत होतंय मा? आचऱ्यात आता कोण नसतलो म्हणान! कसला ता गाव, माणसा सोडून पळतत!"

"ओ बाय, माका शिकवू नको!" इंदुमती ताडकन म्हणाली. मालवणी मोडकी होती, पण ठसका पुरा कोल्हापूरचा! "गाव सोडतत, पण कोंबडी पण मागे ठेवणत नाय! आचरा आमचो गाव आसा!"

परशुरामांच्या हातातली सोलकढीची वाटी तशीच राहिली.

"म्हणजे... पेन्शन झाल्यावर?"

"मग कुठं जायचं? भावाला कळवून टाकते, ती जागा दुसऱ्याला द्यायला," ती वडा मोडत म्हणाली. "पुढच्या पळणीला मला माझी स्वतःची राहुटी पाहिजे." परशुरामांचे डोळे भरून आले. ते काही बोलणार तेवढ्यात तिनं विचारलं, "न्हावी कुठं बसतो हो इथला?"

"न्हावी? कशाला?"

"दाराला कुलूप होतं. मी हात लावून बघितलंय."

बाजारातल्या न्हाव्यानं वस्तरा परजला आणि हळहळून विचारलं, "मिशी उतरवतास? कोण गेला घरातला?"

"मीच गेल्लंय," परशुराम म्हणाले. "परत इलंय."

चोवीस वर्षांत आज पहिल्यांदाच त्यांनी बायकोशी वाद जिंकला होता, आणि पीळ द्यायला मिशी नव्हती!