नव्व्याण्णव टक्क्यांचं चॉकलेट

परीक्षा विभागाची वार्षिक आढावा बैठक पार पडायला तीन गोष्टी लागतात: संचालक, लांबलचक टेबल आणि शेवटी तोंड गोड करायला चॉकलेट. संचालक आणि टेबल दरवर्षी तेच असत. चॉकलेट मात्र गेल्या वर्षी असं निघालं, की संचालकांनी एक तुकडा तोंडात टाकला, बैठकीची व्यवस्था पाहणाऱ्या अधीक्षकांकडे पाहिलं आणि नुसतं "अच्छा" म्हटलं. त्या "अच्छा"ने अधीक्षकांची वर्षभर झोप उडवली. तेव्हा यंदा त्यांनी ही जोखमीची कामगिरी दुसऱ्या कोणावर न सोपवता स्वतः दुकान गाठलं.

दुकानाच्या तीन भिंती चॉकलेटने भरल्या होत्या. "खायला हवंय, केकला, की कुणाला द्यायला?" दुकानवाल्या बाईंनी विचारलं.

"चांगलं हवंय," अधीक्षक म्हणाले.

"मग चव घेऊन बघा ना." बाईंनी तुकड्यांची बशी पुढे केली.

अधीक्षक दचकून मागे सरले. उभ्या नोकरीत त्यांनी पेपर तपासणाऱ्याला परीक्षार्थीचं नावसुद्धा कळू दिलं नव्हतं, आणि ही बाई उमेदवारालाच तोंडात टाकायला सांगत होती! "चवीत वशिला चालतो, बाई," ते म्हणाले. "एकाला आवडतं, दुसऱ्याला नाही. काहीतरी ठोस सांगा."

एवढ्यात त्यांची नजर एका वेष्टनावर गेली. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ७०%. शेजारच्यावर ८५%. अधीक्षकांचा जीव भांड्यात पडला. इथे निकाल आधीच लागलेला होता, फक्त गुणवत्ता यादी लावायची बाकी होती.

ती त्यांनी तिथेच, काउंटरवर लावली. दुधाचं चॉकलेट चौतीस टक्क्यांवर अडकलं होतं, त्याला सवलतीचा एक गुण देऊन काठावर पास केलं. पांढऱ्या चॉकलेटवर आकडाच नव्हता, ते गैरहजर. बदाम घातलेल्याला अभ्यासेतर उपक्रमांचे दोन गुण वाढवून मिळाले, तरी बिचारं प्रथम वर्गात काही आलं नाही. आणि अगदी वरच्या फळीवर, कोणी हात न लावल्यामुळे किंचित धूळ खात, नव्व्याण्णव टक्के बसलं होतं.

"अहो साहेब, तो आकडा म्हणजे..." बाईंनी सांगायचा प्रयत्न केला.

निकाल जाहीर होताना मध्ये बोललेलं अधीक्षकांना खपत नसे. त्यांनी नव्व्याण्णवचे होते तेवढे सगळे डबे बांधायला सांगितले. बाईंनीही मग फार ओढून धरलं नाही. तो माल एकदाचा जातोय, यातच त्यांना समाधान होतं.

घरी धाकटी लेक ओट्याशी केकचं साहित्य मांडत होती. तिला बेकरीचं रीतसर शिक्षण घ्यायचं होतं. अर्ज भरून तयार होता. त्यावर वडिलांची सही तेवढी हवी होती आणि मुदत उद्या संध्याकाळपर्यंतच होती. पण तिचा निकाल लागल्यापासून बापलेकीत "जेवायला चला" आणि "आलो" यापलीकडे बोलणं उरलं नव्हतं.

डबे पाहून तिला राहवलं नाही. "बाबा, नव्व्याण्णवचं कुणी नुसतं खातं का? तो आकडा हुशारीचा नसतो, कोकोचा असतो. आकडा चढेल तशी साखर कमी."

"मग तुझ्या मते चांगलं कुठलं?"

"नुसतं खायचं तर ज्याला जे आवडेल ते. केकला मी पंचावन्नचं घेते. आणि द्यायचं असेल तर घेणाऱ्याला काय आवडतं ते आधी विचारायचं."

"पंचावन्न!" अधीक्षक हसले. "तू दुसरं काय म्हणणार!"

तिने नव्व्याण्णवचा डबा ओट्यावरून बाजूला सारला. मग म्हणाली, "उद्या बैठकीला माझा केक घेऊन जा. खाऊन बघा. आवडला तर सही करा, नाहीतर नका करू."

परीक्षेला नाही म्हणणं अधीक्षकांच्या रक्तातच नव्हतं. "तूच घेऊन ये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बैठक संपली आणि डबे फिरले. संचालकांनी नव्व्याण्णव टक्क्यांचा एक चौकोन तोंडात टाकला आणि एरंडेल प्यायल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. सगळं टेबल श्वास रोखून बसलं. संचालकांनी वेष्टन उलटून आकडा वाचला, मोठ्या निर्धाराने गिळलं आणि म्हणाले, "वा! याला म्हणतात दर्जा."

मग काय, दर्जा सगळ्यांनाच लागला. एका सदस्याला त्यात खोली जाणवली, दुसऱ्याला शिस्त. उपसंचालकांची निवृत्ती अजून लांब होती, म्हणून त्यांनी आणखी एक चौकोन मागून घेतला आणि डोळ्यांतलं पाणी कौतुकाचं असल्याचं सांगितलं. पुढल्या वर्षीपासून नव्वदीच्या आतलं चॉकलेट विभागात आणू नये, असा ठरावही एकमताने झाला, कारण विरोध करायला कोणाची जीभ जाग्यावर नव्हती.

तेवढ्यात लेक केक घेऊन आली आणि माणसं त्यावर अक्षरशः तुटून पडली. बोलणं बंद झालं. संचालकांनी तिसरा तुकडा घेऊन बोटं चाटली. अधीक्षकांनी पहिला घास घेतला आणि त्यांचं एरवी कोरडं असलेलं मन एकदम भरून आलं. आपली पोर इतकी गुणाची आहे आणि आपल्याला पत्ताच नव्हता! त्यांनी खिशातून अर्ज काढला, पेनाचं टोपण काढलं.

"फारच सुंदर," संचालक म्हणाले. "किती टक्क्यांचं वापरलंय?"

"पंचावन्न," लेक म्हणाली.

चमचे जागच्या जागी थांबले. उपसंचालकांनी बशी हळूच दूर सारली. संचालकांनी रुमालाने ओठ पुसले, पुरावा पुसावा तसे. "चव आहे," ते जड आवाजात म्हणाले. "चव नाकारता येणार नाही. पण आपल्यासारख्या विभागाने पंचावन्नला चांगलं म्हणायचं, म्हणजे बाहेर काय संदेश जाईल?" आणि त्यांनी अधीक्षकांकडे पाहिलं. "अच्छा, तुमची कन्या का ही?"

अधीक्षकांनी पेनाला टोपण लावलं.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तुम्हाला आवडला ना?"

"आवडला गं. खूप आवडला." त्यांनी अर्जाची घडी घातली. "पण नुसतं आवडून काय होतं? पुढल्या वर्षी बघू. आधी पुन्हा परीक्षेला बस, टक्के वाढव."

तिने रिकामं भांडं उचललं. केकचा एक कणही शिल्लक नव्हता. नव्व्याण्णव टक्क्यांचे डबे मात्र जवळजवळ भरलेलेच राहिले होते आणि प्रत्येक जण दुसऱ्याला "घ्या ना, घरी मुलांना होईल" असा आग्रह करत होता. अर्जाची मुदत संध्याकाळी संपली.

पोरीवर अन्याय झाला, असं तुम्हाला वाटलं असेल. वाटायलाच हवं. त्या अधीक्षकांना काही माया आहे की नाही, आणि संचालक तर विचारूच नका! आपण काही त्यांच्यातले नाही. फक्त एकदा छातीवर हात ठेवून सांगा: तिचा निकाल लागल्याचं वाचलंत तेव्हापासून, तिला नेमके किती टक्के पडले होते, हेच तुम्ही शोधत आलात की नाही?