झाडेकाकांची ओपीडी

आमच्या देवळीच्या छापखान्यात व्हरांड्यावर एक म्हातारा कॉम्प्युटर ठेवलेला असे आणि त्याच्या डोक्यावर पाटी होती : 'ओपीडी'. गिऱ्हाईक मजकूर फ्लॉपीत आणो की पेनड्राइव्हमध्ये, आधी तिथे व्हायरसची तपासणी. त्या कॉम्प्युटरची तार आतल्या एकाही मशीनला जोडलेली नव्हती. पाटी लावणारे आमचे झाडेकाका. सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरी करून रिटायर झाले आणि माझ्याकडे ऑपरेटर म्हणून लागले.

"दिसाले धडधाकट दिसते भाऊ, पन अंदर काय हाय कोनाले ठाऊक?" असं ते पेनड्राइव्हबद्दल म्हणायचे, तेही लग्नपत्रिका छापायला आलेल्या नवरदेवाच्या बापासमोर. बाप चपापायचा.

दर शनिवारी काका सगळं काम सीडीवर उतरवत, ती सीडी जेवणाच्या डब्यात घालत आणि एसटीने पुलगावला नेत. तिथे त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. तिच्या पेटीत ती सीडी ठेवायची. मी हसायचो. नक्कल ठेवायला मी चांगली महागाची हार्डडिस्क आणली होती, कॉम्प्युटरला कायम जोडलेली.

"पेशंटच्या खाटेवरच दुसरा पेशंट झोपवला तुमी," काका एवढंच बोलले होते.

त्या वर्षी नऊ शाळांच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे होत्या. सोमवारी द्यायच्या. बुधवारी काका जेवायला गेले आणि माझा साळा त्याच्या लग्नाचे फोटो दाखवायला आला. घरचा माणूस, त्याला कसली ओपीडी? मी पेनड्राइव्ह सरळ आतल्या मशीनला लावला.

गुरुवारी सकाळी एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी : फायलींना कुलूप घातलंय, किल्ली हवी तर पैसे पाठवा. हार्डडिस्क पाहिली, तिथेही तेच. नऊ हेडमास्तर डोळ्यांसमोर उभे राहिले. बापाच्या काळापासून कमावलेलं छापखान्याचं नाव सोमवारी मातीत जाणार होतं.

काकांनी मशीनच्या सगळ्या तारा काढल्या आणि म्हणाले, "चाला पुलगावले."

ताईंनी पेटी उघडली आणि मी पाहतच राहिलो. चार वर्षांच्या सीड्या. एकेक जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. मागच्या शनिवारची त्यांनी न शोधता काढून दिली.

"तुमीच का मालक?" त्यांनी मला विचारलं. "याले दर शनवारी पाठवत जा बरं. गल्लीतल्या बाया विचारतेत, भाऊ काऊन येते एवढा? मी मनतो, छापखान्याचं काम हाय माह्याकडं." आणि पदर सावरून ताठ बसल्या.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "काका, इतक्या जुन्या कशाला ठेवता? दोन-चार पुरेत."

"पुरेत ना." ते खिडकीबाहेर पाहत होते. "पन भाऊजी गेल्यापासून तिले कोनाची दया चालत नाई. नुसता भेटाले गेलो तर दारातूनच वापस लावे. मनून काम नेलं तिच्यासाठी. अन् मलेबी घरी कोन हाय, भाऊ?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मशीन पुसून कोरं केलं, सीडीवरून सगळं परत चढवलं. मधल्या दिवसांचं काम काकांनी आणि मी पुन्हा टाइप केलं. सोमवारी नऊही गठ्ठे वेळेवर गेले आणि चोरांना एक छदाम गेला नाही. हे सांगताना आजही माझी छाती फुगते, जरी त्यात माझं कर्तृत्व फक्त गोंधळ घालण्याचं होतं.

पुढच्या शनिवारी मी काकांच्या हातात दोन सीड्या ठेवल्या. एक छापखान्याची, दुसरी माझ्या पोरीच्या बारशाच्या फोटोंची.

"ताईंना सांगा, काम वाढलं."

काकांनी चष्मा काढून पुसला. मग पहिली सीडी डब्यात ठेवली आणि दुसरी घेऊन व्हरांड्याकडे निघाले.

"अहो, घरचीच आहे," मी म्हटलं.

"साळ्याचीबी घरचीच व्हती," काका म्हणाले. "आधी ओपीडी."