पानथरी नसलेला माणूस

आमच्या शेजारच्या शामरावभाऊंना नाव विचारायची गरज पडत नाही. ते स्वतःच सदरा वर करतात, डाव्या बरगडीखालचा लांबलचक व्रण दाखवतात आणि म्हणतात, "मले पानथरी नाई ना भाऊ!"

पानथरी म्हणजे प्लीहा. तरुणपणी बैलबंडी उलटली, भाऊ खाली सापडले, पानथरी फुटली आणि डॉक्टरांनी ती काढून टाकली. तेव्हापासून सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यात कष्टाचं काम निघालं की भाऊंना तिची आठवण येते. धानाचं पोतं उचलायचं? पानथरी नाही. रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उतरायचं? पानथरी नाही. नाटकाला मात्र पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची, कारण खाली बसलं की म्हणे रिकाम्या जागेत वारा भरतो.

त्या जागेचा भूगोल त्यांना तोंडपाठ. "मागं किडनी, बाजूले पोट, अन् मधातली खोली खाली झाली. मंग पोट आपले हातपाय पसरन का नाई?" असं म्हणत ते पंगतीत पुन्हा वरणभात मागतात, आणि त्यांची बायको कपाळावर हात मारून घेते.

एक तापच काय तो ते थट्टेवारी नेत नाहीत. अंग कोमट झालं की सरळ दवाखाना. ते बरोबरच आहे. पानथरी नसलेल्याला ताप अंगावर काढता येत नाही.

मग माझ्या लेकीवर, पल्लवीवर, तीच वेळ आली. सिकलसेल हा रक्ताचा आजार तिला जन्मापासूनच. पानथरी फुगून पोटात हाताला लागायची. रक्त चढवावं, की थोड्याच दिवसांत पोरगी पुन्हा पांढरीफटक. डॉक्टर म्हणाले, आता काढलीच पाहिजे, नाहीतर जिवावर बेतेल. पल्लवी अडून बसली.

"मी नाई करत आपरेशन. शामरावआबाजीसारखी जनमभर बसून राहू काय? मले सायकलनं शाळेत जायाचं हाय."

तिच्या आईलाही ते पटलं. मी तणतणत भाऊंच्या अंगणात गेलो आणि ओरडलोच, "तुमच्या त्या पानथरीपायी माझी पोरगी मरून जाईल!"

भाऊंनी सदरा हळूच खाली ओढला.

दुसऱ्या दिवशी आमच्या धानाच्या बांधीत रोवणा होता. पल्लवी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली होती. भाऊ आले, धोतर खोचलं, पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंड्या डोक्यावर घेतल्या आणि चिखलात उतरले. रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघतच राहिल्या. भाऊ घसरले, तोंडभर चिखल झाला, तरी दिवस मावळेपर्यंत त्यांनी पेंड्या वाहिल्या. मग धापा टाकत पल्लवीजवळ येऊन बसले.

"पाह्य बेटा, लशीच्या सुया टोचून घ्याच्या अन् ताप आला का लगेच दवाखाना. येवढंच खरं हाय. बाकी सारे माहे बहाणे होते. मी आळशी हावो, पानथरीचा काई कसूर नाई."

साऱ्या बायांसमोर बोलले. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

ऑपरेशन झालं. पल्लवी आता सायकलनं शाळेत जाते. भाऊंची मात्र पुरती वाट लागली. पोतं उचलायला पहिली हाक त्यांनाच, आणि नाटकाला बसतात सगळ्यांबरोबर सतरंजीवर.

परवा माझ्या बायकोनं पल्लवीला अंगण सारवायला सांगितलं. पोरगी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मले पानथरी नाई ना माय!"

पाठीवर पोतं घेऊन भाऊ रस्त्यानं चालले होते. ते थांबले. पोतं खाली टेकवलं, आमच्या अंगणात आले आणि बाह्या वर सारत माझ्या बायकोला म्हणाले, "खरं बोलून राह्यली पोरगी. आणा बाई ते शेणाची बादली इकडं, मी सारवतो."