बसलिंग गुरुजींचं दळण

बोरीच्या शाळेतले आमचे बसलिंग गुरुजी माणसाला कधी रागावत नसत. रागवायचे ते त्याच्या मेंदूच्या नेमक्या भागाला. शिपाई चहा घेऊन उंबऱ्यात अडखळला, की म्हणायचे, "तुझी चूक न्हाई बाबा. तुझा लहान मेंदू झोपलाय. तोल सांभाळायचं काम त्याचं." हेडमास्तर चष्मा कपाळावर ठेवून टेबलावर शोधायला लागले, की म्हणायचे, "मोठ्या मेंदूला विचारा सर. आठवण, विचार, बोलणं, सगळी खाती त्याच्याकडं." वर्गात कुणी पेंगलं, तर नाकापुढं बोट धरून जाहीर करायचे, "लंबमज्जा हजर हाय! श्वास चालू, काळीज चालू. बाकीचे दोघं रजेवर."

मी तिथंच गणित शिकवायचो. गुरुजींची नक्कल मला हुबेहूब जमायची. संध्याकाळी हॉटेलात ती केली, की चहा फुकट मिळायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गुरुजींच्या बायकोला, गिरजाबाईंना, लकवा मारला. उजवा हात-पाय लुळा पडला, वाचा गेली. पुढं काही दिवसांनी पाय थोडा उचलायला लागला. शब्द मात्र येईना. पाणी हवं असलं तरी नुसतं "बा, बा".

पिंगळीहून गिरजाबाईंचा भाऊ आला. म्हणाला, "करणी हाय ही. देवऋष्याकडं नेऊ."

"करणी न्हाई," गुरुजी म्हणाले. "मोठ्या मेंदूच्या डाव्या अंगाला रक्त पोचलं न्हाई. उजव्या हाताचा कारभार तेच बघतं, अन् बोलणंबी तिकडंच."

"दाजी, बहीण आमची मुकी झाली, अन् तुमी शाळा घ्यायलाय!"

भाऊ रागानं निघून गेला. त्यानंतर गुरुजींच्या घरातून रोज जात्याची घरघर ऐकू यायला लागली. पिठाची गिरणी दोन गल्ल्यांवर, आणि हा बाप्या माणूस घरात दळत बसलेला, वर बायकांच्या ओव्या मोठ्यानं म्हणणारा. मी हॉटेलात म्हणालो, "आता गुरुजींचाच मोठा मेंदू रजेवर गेला." हे वाक्य गावाला लय आवडलं. बोरीत आजही सांगतात, बायकोच्या दुखण्यानं मास्तर वेडा झाला. ते खरं नाही. एवढंच सांगायला मी फार उशीर केला.

खरं काय ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. नक्कल आणखी पक्की करावी, म्हणून एका दुपारी त्यांच्या घरी गेलो. जात्याच्या एका बाजूला गिरजाबाई, समोर गुरुजी. खुंट्यावर तिचा डावा हात, त्यावर यांचा.

"या सर," गुरुजी म्हणाले. लाजले नाहीत. "शेजारीण ओवी म्हणत दळायली होती, तर ही इकडं तिच्या संगं गुणगुणली. बोलायची वाट बंद हाय, पण गाण्याची उघडी दिसती. मेंदूच्या उजव्या अंगात असंल. आमच्या पुस्तकात तर न्हाई."

मग त्यांनी ओळ धरली, "जोंधळ्याची रास बाई, खळ्यामंदी माईना..." आणि थांबले. जातं फिरत राहिलं. गिरजाबाईंचे ओठ हलले.

"बसलिंग माझा धनी, घर सोडून जाईना."

लग्न झाल्यापासून त्या बाईनं बोलण्यात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तिला 'पाणी' म्हणता येत नव्हतं. ते नाव मात्र अगदी लख्ख आलं.

जात्यात दाणा उरला नव्हता, दगडावर दगड घासत होता.

"गुरुजी, दळण संपलं," मी म्हणालो.

"हळू बोला, सर," असं म्हणून त्यांनी पुन्हा पहिली ओळ धरली.