पोज देऊन आलेली भाजी

आमच्या घरात शिजणारी निम्मी भाजी आधी पोज देऊन आलेली असते. ह्यात माझा काही दोष नाही. दोष आहे शेजारच्या नानांचा.

नाना म्हणजे शाळेतून रिटायर झालेले चित्रकलेचे मास्तर. मूळचे धुळ्याकडचे, आता जळगावात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटेच राहतात. मोबाईलवरून मुलांना चित्रकला शिकवतात, तीही एका वेळी एकालाच. "एक पोरगं, एक भाजी," हा त्यांचा नियम. आदल्या संध्याकाळी मुलाच्या आईला विचारायचं, घरात भाजी कोणती? मग तीच स्वतः विकत आणायची, म्हणजे दोघांसमोर एकच वस्तू. पुण्याच्या एका मुलासाठी ब्रोकोली शोधत त्यांनी अख्खं मार्केट पालथं घातलं. शेवटी फ्लॉवर आणला आणि त्याला हिरवा रंग फासला! तो मात्र मी घेतला नाही.

वांगं घ्यायचं तर मुलगी बघायला आल्यासारखे उलटसुलट बघतात. "ह्याची मान आखूड. ह्याला तर चेहराच नाही." भाजीवाली वैतागते, "नाना, भरीत करायचं का लगीन लावायचं?" क्लास संपला की ते वांगं आमच्याकडे येतं. "वहिनी, फार वेळ बसलंय बिचारं. आता भाजा."

शिकवताना मोबाईल कायम भाजीवर. स्वतः पेन्सिलीला हात लावत नाहीत. "सर, तुम्ही काढून दाखवा ना," मुलं मागे लागतात. नाना म्हणतात, "माझं कशाला? वांग्याकडे दख. बठ्ठं तठेच शे!" म्हणजे बघ, सगळं तिथंच आहे. पालकांना ही काहीतरी थोर पद्धत वाटते. खरं कारण मला ठाऊक आहे. नानांचा उजवा हात थरथरतो. मी त्यांना चहासुद्धा अर्धा कपच देते.

"मास्तरचाच हात हलतो म्हटल्यावर पोरं कोण पाठवील, वहिनी?" एवढी एकच धास्ती माणसाला.

मग नाशिकची सई आली. दुसरीतली पोर. रेघ जरा वाकडी गेली की खोडायची, कागद फाटेपर्यंत खोडायची, आणि मग रडायची. परवा क्लासच्या सुरुवातीलाच तिची आई म्हणाली, "सर, आजचा शेवटचा. नाही जमत हो तिला. उगीच छळ होतो पोरीचा."

वांग्यासमोर मोबाईल डब्याला टेकवून द्यायला मी तिथं होतेच. पलीकडे खोडरबर सुरू झालं.

"वहिनी, मोबाईल माझ्या कागदावर वळवा."

"अहो नाना..."

"वळवा म्हणतो ना!"

त्यांनी पेन्सिल उचलली. हात असा काही नाचायला लागला की मलाच बघवेना. रेघ कापत कापत निघाली, वांग्याच्या पोटाशी अडली, पुन्हा पुढं गेली. नानांनी ती खोडली नाही.

पलीकडचं खोडरबर थांबलं.

"सर, तुमचा हात का हलतो?"

"म्हातारा झाला गं. ऐकत नाही माझं."

"माझा पण नाही ऐकत."

"नको ऐकू दे. आपण काढू."

सई खुदकन हसली आणि मान खाली घालून काढत राहिली. वाकडंतिकडं, पण देठापासून बुडापर्यंत पुरं वांगं. तेवढ्यात तिची आई स्क्रीनवर आली. बाईंनी आधी नानांचा हात पाहिला, मग लेकीचा कागद. म्हणाल्या, "सर, पुढच्या मंगळवारी हीच वेळ ना?"

फोन बंद झाला तरी नाना आपल्या कागदाकडे बघत बसले होते.

"जीव घेतलात हो माझा!" मी म्हटलं.

"हात हलायला लागल्यापासून कुणासमोर काढलंच नव्हतं, वहिनी. रोज काढायचो. एकटाच. आणि फाडून टाकायचो." त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. तो अजून थरथरत होता. "हे तुमच्या घरी ठेवता का? इथं राहिलं तर रात्रीपर्यंत फाडीन मी."