गुलाबी पशू

"आज या घरात आपल्या बोलीतला एकही शब्द निघता कामा नये," लुबर्टमास्तरांनी न्याहारीच्या टेबलावर जाहीर केलं. "जे काय बोलायचं ते लॅटिनमध्ये."

"आणि मी हो?" काळ्या पावाचे तुकडे कापता कापता हिल्लेबाईंनी विचारलं. "मला लॅटिनमधलं येतं ते फक्त आमेन."

"म्हणूनच सांगतोय. तू बोलूच नकोस. पाहुण्यांची जेवणं होईपर्यंत अगदी गप्प."

टेबलाभोवती बसलेली पोरं खाली माना घालून हसू दाबायला लागली. लग्न झाल्यापासून मास्तरांनी बायकोकडे नाना गोष्टी मागितल्या होत्या. लेखणीला पिसं, शाईला काजळी, झग्याला ठिगळ. पण गप्प राहणं काही त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मिळणार नाही ती गोष्ट शहाणा माणूस मागत नाही. हिल्लेबाईंच्या ओठावर चांगलं खमंग उत्तर आलंही होतं, पण त्यांनी ते पावाच्या घासाबरोबर गिळलं, कारण आजचा दिवस तसाच होता.

शाळेचा खालचा वर्ग लुबर्टमास्तरांकडे होता आणि त्या वर्गाबरोबर आयसेल नदीकाठचं हे घर. घरात शाळेची पोरं राहायला, मागे पेरचं झाड, झाडाखाली डुकराचं खुराडं, आणि स्वयंपाकघरात हिल्लेबाईंनी स्वतः माती मळून नीट करून घेतलेली भट्टी. सेंट मार्टिनच्या सणापासून सुरू होणाऱ्या नव्या साली खालच्या वर्गाला कुठलं व्याकरण लावायचं, हे आज ठरायचं होतं. एक पुस्तक लुबर्टमास्तरांनी लिहिलं होतं, दुसरं नदीपलीकडच्या गावच्या मास्तरानं, आणि ते शिकवायला तो स्वतःही यायला तयार होता. तो आला की घर त्याचं. मग मास्तर आणि हिल्लेबाई ट्रंका उचलून जाणार थोरल्या दिरांच्या माळ्यावर. माळ्याचं एवढं काही नव्हतं हो, पण माळ्याखाली जाऊबाई होत्या. सकाळी उठल्यापासून "आमच्याकडे असं नाही करत" ऐकायचं, या कल्पनेनंच हिल्लेबाईंना कापरं भरायचं.

लुबर्टमास्तरांचं पुस्तक मात्र खरोखर गोड होतं, हे हिल्लेबाईही मान्य करत. लहान पोरांसाठी, छोटे छोटे धडे, मोठी अक्षरं. फक्त मास्तरांचा एक हट्ट होता. कोवळ्या जिभेवर घाणेरडा शब्द पडता कामा नये. त्यामुळे पुस्तकात देव होता, गुरू होता, गुलाब होता, कोकरू होतं. लेखणीसाठी पीस लागतं म्हणून पक्षीही होता. पण उकिरडा, चिखल, ऊ, डुक्कर असलं काही औषधालासुद्धा नव्हतं.

शाळेत बोली बोलायची बंदी तर नेहमीचीच. रोज एका पोरावर पाळत ठेवायचं काम येई. त्याला सगळे लांडगा म्हणत. कोणी बोलीत बोललं की लांडग्यानं चुगली करायची, आणि बोलणाऱ्याच्या गळ्यात लाकडी गाढव अडकवायचं. आजचा लांडगा होता तेउनिस. वय वर्षं सात, पुढचे दोन दात पडलेले, आणि स्वभाव असा इमानी, की गेल्या वेळी त्यानं झोपेत स्वतःच बोलीत बडबडल्याची चुगली केली होती.

दुपारी पाहुणे आले. नगराध्यक्ष आर्नुटशेठ आणि त्यांच्यामागून दोन पंच. आर्नुटशेठांचा वाळक्या मासळीचा मोठा व्यापार. अंगात केसाळ कातड्याचा झगा, आणि चेहरा असा गंभीर की लॅटिन कोळून प्यायलेत असं वाटावं. दोघा पंचांचं काम सोपं होतं. शेठ मान हलवतील तेव्हा मान हलवायची.

समोरच्या खोलीत पोरं ओळीनं उभी राहिली आणि म्हणायला लागली. त्यांचं लॅटिन आपल्या मराठीत आणलं, तर साधारण मुंजीतल्या बटूसारखंच वाजेल.

"गुरू पुस्तक पठण करतो. बालक गुरूस वंदन करतो. गुलाब सुगंधित अस्ति."

शेठांनी मान हलवली. पंचांनी मान हलवली. मास्तरांचा चेहरा उजळला.

इकडे स्वयंपाकघरात सळीवर लठ्ठ बदक भाजत होतं, चरबी निखाऱ्यावर टपटपत होती, आणि हिल्लेबाई तोंड शिवल्यासारख्या काम करत होत्या. बदक झालं तसं त्यांनी ते टेबलावरच्या परातीत काढलं आणि बिअरचा घडा भरायला तळघरात उतरल्या.

तेवढ्यात लांडगा गस्त घालत तिथे आला. तळघराचं दार सताड उघडं. मास्तरांच्या पुस्तकातला सातवा धडा शिष्टाचाराचा. 'सुशील बालक उघडे द्वार बंद करतो.' तेउनिसनं द्वार बंद केलं. सुशील असल्यामुळे कडीसुद्धा लावली.

हिल्लेबाई घडा भरून वर आल्या, तर दार बंद. त्यांनी ठोकलं. पुन्हा ठोकलं. मग फटीला तोंड लावून अगदी कुजबुजत म्हणाल्या, "तेउनिस, बाळा, कडी काढ रे."

फटीपलीकडे तेउनिसचे डोळे विस्फारले. "गुरुपत्नी," तो दुःखानं म्हणाला, "भवती बोली बोलली!"

"अरे गाढवा, कडी काढ!"

"द्विवार!" तेउनिस म्हणाला आणि पळाला. हिल्लेबाईंना वाटलं, कोणाला तरी बोलवायला गेला. पण तो लाकडी गाढव घेऊन परत आला. गळा तर दाराच्या आत होता. नियम मोडायचा नव्हता. मग त्यानं थोडा विचार केला आणि ते गाढव कडीलाच अडकवून ठेवलं.

ओरडावं असं हिल्लेबाईंच्या अगदी मनात आलं. पण समोरच्या खोलीत शेठ बसलेले. नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा मौन मागितलं, आणि त्या मौनावर हे घर टांगलेलं. जेवणाच्या वेळी शोधायला येतीलच की, असं म्हणून त्या पायरीवर बसल्या आणि फटीतून बदकाकडे बघत राहिल्या. मागचं दार करकरलं तेव्हाही त्या बघतच होत्या.

ते दार कधी धड लागतच नसे. "अहो, तेवढं दार बघा," असं त्या कितीदा म्हणाल्या होत्या, पण मास्तर चौथ्या धड्यात अडकलेले असायचे. आता त्या दारातून आधी एक नाक आलं. मग कान आले. मग सणासाठी वर्षभर खाऊ घालून माजवलेलं अख्खं डुक्कर आत आलं, त्यानं एकदा इकडेतिकडे पाहिलं, आणि पुढचे पाय सरळ टेबलावर ठेवले.

हिल्लेबाईंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. तेउनिसनंही ते पाहिलं आणि तो समोरच्या खोलीकडे धावला.

"गुरो! गुरो! पशू!"

आर्नुटशेठ जरा दचकले. मास्तर हसून म्हणाले, "असं नाही, बाळ. पूर्ण वाक्य." अर्थात हेही लॅटिनमध्येच.

तेउनिसनं मोठा श्वास घेतला. "गृहात पशू अस्ति."

"उत्तम! कोणता पशू?"

तेउनिसनं डोळे मिटून अख्खं पुस्तक मनातल्या मनात चाळलं. घोडा होता. कोकरू होतं. पाहिजे ते नव्हतं. "मोठा पशू," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"विशेषण!" मास्तरांनी पाहुण्यांकडे अभिमानानं पाहिलं. शेठांनी मान हलवली. पंचांनी मान हलवली.

गुलाबाचा धडा तेउनिसच्या मदतीला धावला. "गुलाबी पशू! मोठा गुलाबी पशू मृत पक्षी खातो!"

आता मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं. अशी गोष्ट पुस्तकात नव्हतीच. पोर स्वतःच्या मनानं कथा रचत होतं, तीही लॅटिनमध्ये, तीही नगराध्यक्षांपुढे! हिवाळ्यामागून हिवाळे त्यांनी बोटं गारठवून लिहिलं होतं, ते या क्षणासाठी. त्यांनी तेउनिसला जवळ घेतलं आणि विचारलं, "आणि या कथेचं तात्पर्य काय, वत्सा?"

तेउनिसला रडू आवरेना.

"भोजनं नास्ति," तो म्हणाला.

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. शेठांनी टाळ्या वाजवल्या. पंचांनी तर उठून वाजवल्या.

तिकडे डुकरानं बदकाची एक तंगडी संपवून दुसरीकडे मोर्चा वळवला होता. हिल्लेबाईंना भिंतीपलीकडून टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला आणि त्यांचा संयमच सुटला. घर जायचं तर जाऊ दे, जाऊबाई तर जाऊबाई!

"डुक्कर!" त्या अशा ओरडल्या की तळघरातली मडकी वाजली. "अरे मेल्यांनो, डुक्कर शिरलंय घरात! टाळ्या कसल्या पिटताय? बदक खाल्लं माझं! अहो मास्तर, ऐकताय का, डुक्कर!"

टाळ्या थांबल्या. मास्तर पांढरेफटक पडले. पण आर्नुटशेठांच्या चेहऱ्यावर, आल्यापासून पहिल्यांदाच, काहीतरी समजल्याचा आनंद पसरला.

"डुक्कर? कुठंय?" म्हणत ते उठलेच. "बाजूला व्हा, बाजूला व्हा! मी डुकरांतच वाढलोय!"

नगराध्यक्षांनी झगा खोचला आणि स्वयंपाकघरात उडी घेतली. डुकरानं तोंडातलं बदक न सोडता टेबलाभोवती एक फेरी मारली. शेठांनी त्याचा मागचा पाय धरला, डुकरानं शेठांना भट्टीपर्यंत ओढत नेलं. "कान धरा, कान!" शेठ ओरडले. एका पंचानं दुसऱ्या पंचाचा कान धरला. पोरं बोलीत जे काय ओरडायला लागली, त्या सगळ्यांसाठी गाढवं पुरवायची तर सुताराला जंगलच विकत घ्यावं लागलं असतं. शेवटी डुक्कर मागच्या दारातून बदकासकट पसार झालं आणि आर्नुटशेठ जमिनीवर बसून मनसोक्त हसायला लागले.

तळघराची कडी मास्तरांनी स्वतः काढली. कडीला लटकलेलं गाढव त्यांनी उचलून काखेत मारलं. हिल्लेबाई वर आल्या. त्यांनी बिअरचा घडा टेबलावर ठेवला, पाव, सलगमाचं कालवण आणि शेठांच्याच वखारीतली वाळकी मासळी मोहरीच्या चटणीबरोबर वाढली.

"आपलीच मासळी, शेठ. घरात दुसरं काही उरलं नाही," त्या ओशाळून म्हणाल्या.

"म्हणजे उत्तमच असणार," शेठ म्हणाले आणि दोन पेले पोटात गेल्यावर मास्तरांकडे वळले. "मास्तर, तो बारका काय सांगत होता मघाशी? जरा आपल्या बोलीत सांगा की."

मास्तरांनी खाली मान घातली. "मोठा गुलाबी पशू मृत पक्षी खातो, म्हणाला. मी तात्पर्य विचारलं. तर म्हणाला, जेवायला काही नाही."

शेठांनी जेवण थांबवलं. "म्हणजे पोरानं बातमी पक्की दिली होती! सात वर्षांचं पोर, आणि लॅटिनमध्ये! पुस्तक पास. नव्या सालापासून हेच पुस्तक." पंचांनी माना हलवल्या. "पण मास्तर, तुमचं काय करायचं? पोर जीव तोडून सांगतंय आणि तुम्ही टाळ्या वाजवताय. पुस्तक काय, तुमचं पुस्तक नदीपलीकडचा मास्तरही शिकवील."

हिल्लेबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो पेल्यातला फेस मोजत बसला होता. इतकी वर्षं त्यांनी त्याला हरतऱ्हेनं टोचलं होतं, पण असं पडलेलं तोंड त्यांना बघवेना.

"शेठ, मी बोलू का? आता मौन गेलंच आहे माझं."

"बोला बाई. तुमचंच तर कळतं मला."

"हे ऐकत नाहीत, खरंय. माझ्याइतकं कोणाला ठाऊक? पण नदीपलीकडचा ऐकतो, हे कोणी पाहिलंय? यांनी पोरांसाठी बोटं फोडून घेतली लिहिता लिहिता. एवढं प्रेम तो कुठून आणील? ऐकायचं राहिलं ते मी शिकवते. रोज संध्याकाळी पोरं आपल्या बोलीत बोलतील, आणि हे बसून ऐकतील. मध्ये एक अक्षर नाही. चूक काढायची नाही. मी स्वतः समोर बसेन."

आर्नुटशेठ बराच वेळ हसले. "आमच्या घरी हाच नियम आहे," ते म्हणाले, "फक्त तिथे ऐकणारा मी. ठरलं. घर तुमचं, बाई. मास्तर राहतील, पण तुमच्या जबाबदारीवर."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरं भट्टीपाशी गोल करून बसली. मास्तर स्टुलावर. त्यांच्या समोर विणकाम घेऊन हिल्लेबाई. तेउनिसनं डुकराची गोष्ट सुरुवातीपासून सांगितली. चुकत, अडखळत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत, एकेक शब्द दोनदोनदा वापरत. मास्तरांचं तोंड उघडे, हिल्लेबाई सुईवरून नजर उचलत, तोंड मिटे. मास्तरांचे कान लाल झाले, कपाळावर घाम आला, हात गुडघ्यांवर आवळले गेले. पण अक्षर नाही.

गोष्ट संपली. तेउनिस वाट बघत राहिला. मग तो सरकत सरकत हिल्लेबाईंजवळ आला आणि कानात म्हणाला, "बाई, गुरुजींना बरं नाहीये का? काहीच बोलत नाहीत."

"बरंय रे," हिल्लेबाई म्हणाल्या. "नवीन धडा घेतलाय त्यांनी. पहिलाच दिवस आहे, जरा जड जातोय."