एकशे एकसष्टाव्या पानापासूनचा नवरा

आत्यानं सत्तराव्या वर्षी लग्न करायचं मनावर घेतलं, आणि खालच्या मजल्यावर बाइंडरच्या हातून खळीची वाटी पालथी झाली.

खालचा मजला आत्याचा होता. वरचाही आत्याचाच. मधला जिनासुद्धा. बाइंडर हा तिचा सख्खा भाचा, आणि खालच्या खोलीत तो अठरा वर्षं लोकांची फाटकी पुस्तकं शिवत होता. खोलीत त्याचं कटिंग मशीन होतं. ते आणताना दार काढावं लागलं होतं; न्यायचं झालं तर भिंत काढावी लागणार होती. आणि आत्याचा होणारा नवरा म्हणत होता, घर विकू आणि समुद्राकाठी एक बंगली घेऊ.

त्याला सगळे कॅप्टन म्हणत. कुठल्या जहाजाचा, हे कोणी विचारलं नव्हतं. माणूस काडीसारखा होता आणि खोलीत शिरला की आधी छताकडे बघायचा.

"तुळया मोजतो मेला," बाइंडरची बायको म्हणाली. "अहो, काहीतरी करा. नाहीतर हे मशीन डोक्यावर घेऊन फिरा."

"मी आत्याला काय सांगणार? ती माझं ऐकते होय?"

"तुमचं नाही, पण कादंबरीचं ऐकते."

हे मात्र खरं होतं. आत्याचा आयुष्यात फक्त कादंबऱ्यांवर विश्वास होता. मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा तिनं एका आंधळ्या नायकाची कादंबरी भिंगातून वाचून संपेपर्यंत लांबवलं होतं. नायक बरा झाला, तेव्हा कुठे डॉक्टरांचा नंबर लागला.

योगायोगानं वाचनालयातून बाइंडिंगला आलेल्या गठ्ठ्यात एका श्रीमंत विधवेवरची जुनी कादंबरी होती. बायकोनं ती लहानपणी अर्धी वाचली होती. "एक वाळकुडा लबाड माणूस विधवेच्या पैशावर डोळा ठेवून तिच्याशी लग्न करतो. पुढे तिचे हाल कुत्रा खात नसणार. बांधा आणि द्या वर."

बाइंडरनं जन्मात एकही पुस्तक वाचलं नव्हतं. तो पानांचे आकडे बघायचा. सोळा-सोळा पानांच्या घड्या, म्हणजे जुजं, आकड्यानं लावायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा. त्या दिवशी टेबलावर दोन कादंबऱ्या उसवून पडल्या होत्या. दोन्ही एकाच छापखान्याच्या, एकाच टायपातल्या, दोन्ही तीनशेवीस पानांच्या. बायको डोक्याशी उभी राहून "आवरा, आवरा, कॅप्टन वर चहाला आलाय" म्हणत होती. बाइंडरनं एकशे साठनंतर एकशे एकसष्ट आलंय ना, तेवढं पाहिलं. आलं होतं. त्यानं पुस्तक शिवून वर पाठवलं.

पहिले तीन दिवस सुखाचे गेले. आत्या जिन्यावरून ओरडून बातम्या द्यायची. "अरे, हा माणूस तिच्या चांदीच्या चमच्यांचा वास घेऊन बघतो रे!" दुसऱ्या दिवशी कॅप्टनच्या चहात चमचा नव्हता. तिसऱ्या दिवशी चहाच नव्हता. बाइंडरनं कटिंग मशीनला तेल घातलं.

चौथ्या दिवशी तो दुसरी कादंबरी बांधायला बसला. ती एका गिरणीमालकाची होती. एकशे साठ, एकशे एकसष्ट, सगळं बरोबर. पण सहज नजर गेली, तर एकशे साठाव्या पानाच्या तळाशी गिरणीमालक जेवायला बसला होता, आणि पुढच्या पानावर एक विधवा खिडकीत उभी होती.

बाइंडरनं सुई खाली ठेवली.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "विधवेचं अर्धं पुस्तक इथेच आहे."

"मग वर काय आहे?"

"वर गिरणीमालक आहे."

"आणि गिरणीमालकाच्या गोष्टीत काय आहे?"

ते कळायला वाचणं भाग होतं. बाइंडरनं आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक वाचलं, तेही घाम पुसत. गिरणीमालक लठ्ठ, हसरा, मायाळू. एका गरीब मास्तरणीशी लग्न करणार. आणि त्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर, फुकटात, त्याचा एक पुतण्या राहत होता. घर आपल्याला मिळावं म्हणून तो पुतण्या काकाचं लग्न मोडायच्या मागे होता. इथे एकशे साठावं पान संपत होतं. पुतण्याचं पुढे काय झालं, ते वर आत्याकडे होतं.

बाइंडर जिना चढून गेला. "आत्या, ते पुस्तक जरा दे. डिंक ओला आहे अजून."

"माझ्या हाताला तर लागला नाही," आत्या पान न सोडता म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "अरे, काय लिहिलंय! लग्न झालं आणि नवरा पार बदलला. आधी कसा काडी होता, आता चांगला गरगरीत झालाय. बायकोच्या पैशानं गिरणी काढली. हसतो काय, तिला शाली काय आणतो! नावसुद्धा बदलून घेतलं."

"आत्या, असं कसं होईल? एवढा बदल..."

"लग्नानंतर माणसं बदलतात. तुला काय कळतंय? आणि ती विधवा बघ. आधी कोणाशी बोलायची नाही, आता शाळेत शिकवते. पैशाची चिंता मिटली की स्वभाव खुलतो. आणि हा पुतण्या!"

"क-कुठला पुतण्या?"

"खालच्या मजल्यावरचा. लेखकाची कमाल बघ. एकशे साठ पानं त्याला दाखवलंच नाही. गपचूप खाली बसून होता." आत्यानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "तू का रे एवढा घामाघूम?"

कॅप्टनच्या चहात चमचा परत आला. मग बिस्किटं आली. लग्नाचा दिवसही ठरला.

तीन दिवस बाइंडर जिन्याखाली उभा राहून कानोसा घेत होता. पुस्तक संपलं, तसं आत्यानं त्याला वर बोलावलं. कॅप्टन खुर्चीत बसून छताकडे बघत होता.

"आत्या," बाइंडरनं न राहवून विचारलं, "पुतण्याचं काय झालं?"

"वाईट झालं रे. काकानं भोळेपणानं घर त्याच्या नावावर केलं. झालं! पैसा अंगात आला. बायकोला उपाशी ठेवायला लागला, सख्ख्या आईला ओळख देईना. तू भाचा असलास तरी जात तीच. मी तुझ्या नावावर ही खोली करणार होते, पण आता नाही करणार. तुझं वाटोळं मला बघवणार नाही. घर विकायचं, आम्ही समुद्राकाठी जाणार."

बाइंडरचा बांध फुटला. "आत्या, त्या दोन कादंबऱ्या आहेत! मी चुकून एकीचं डोकं दुसरीच्या धडाला शिवलं. तो लठ्ठ माणूस वेगळाच आहे! तुझं लग्न मोडावं म्हणूनच मी ती तुला दिली होती."

आत्या कॅप्टनकडे वळली.

"बघितलंत, कॅप्टन?" ती म्हणाली. "अजून घर मिळालंसुद्धा नाही, तरी एवढा बिघडला. मिळालं असतं तर?"

"पण आत्या, खरा शेवट..."

"तुझा शेवट राहू दे तुझ्याजवळ. आमचं ठरलंय."

बाइंडर खाली आला आणि भिंतीला किती विटा असतील ते मोजू लागला. तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. कॅप्टन आला होता. त्यानं दार लोटून घेतलं.

"ते खरं उरलेलं अर्धं," तो हळूच म्हणाला, "जरा दाखव. सहज. त्या वाळकुड्या माणसाला घर मिळतं का, एवढंच बघायचंय."

बाइंडरनं जुजं त्याच्या हातात दिली. कॅप्टन उभ्याउभ्या वाचू लागला. वीस पानं झाली तसा तो हसला. चाळीस झाल्यावर बसला. साठ झाली तेव्हा त्यानं कपाळ पुसलं.

"काय झालं?" बाइंडरनं विचारलं.

"घर विकून तो तिला समुद्राकाठी नेतो," कॅप्टन म्हणाला. "तिथे तिला त्याचा सगळा डाव कळतो. ती एका शब्दानं बोलत नाही. नुसती रोज त्याला कॉफी करून देते."

"मग?"

"मग त्याच्या पोटात दुखायला लागतं."

वरून आत्याची हाक आली, "अहो कॅप्टन, कॉफी झालीये! गार होतेय!"

कॅप्टननं बाइंडरचं मनगट घट्ट धरलं. "बाबा रे, हे घर विकायचं नाही. मी तिला सांगतो. समुद्राकाठी ओरडलं तर कोणाला ऐकू जातं? खाली आपलं माणूस हवं. तू इथेच राहा. कायमचा. ही खोली मी तुझ्या नावावर करून देतो, मग तर झालं?"

"बरं," बाइंडर म्हणाला.

"आणि चल, वर चल माझ्याबरोबर. आधी तू पी."